आज निफाडला किती?

डिसेंबर लागला की नाशिककराच्या बोलण्यात दशांश चिन्ह येतं. एरवी 'दहा मिनिटांत आलोच' म्हणून पाऊण तास लावणारा माणूस थंडीच्या बाबतीत एकदम काटेकोर होतो. गोल्फ क्लबच्या मैदानावर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण तोंडात बसलेलं नाव जाता जात नाही) सकाळी सहाला दोन कानटोप्या समोरासमोर येतात.

"आज किती?"

"आठ पूर्णांक चार."

"आणि निफाडला?"

"पाच पूर्णांक सहा."

"वाटलंच मला. रात्री दुसरी गोधडी घ्यावी लागली."

खरी गोधडी घेतलेली असते ती नाशकातल्या तापमानासाठी. पण श्रेय जातं चाळीसेक किलोमीटरवरच्या निफाडला. थंडीच्या दोन महिन्यांत निफाड तालुका बिनबोभाट नाशिक शहरात विलीन होतो. पुण्याच्या पाहुण्यांशी बोलताना तर 'आमच्याकडे पाचवर आलं होतं' असंच वाक्य येतं. आमच्याकडे म्हणजे नेमकं कुठे, हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर या दिवसांत पाणीकपात, पार्किंग आणि मेंटेनन्स हे विषय मागे पडतात. पहाटेपासून स्क्रीनशॉट पडू लागतात. एकाच्या मोबाइलवर दहा, दुसऱ्याच्या नऊ, तिसऱ्याचं ॲप सात दाखवतं. तिसऱ्याचं ॲप सगळे लगेच उतरवून घेतात. त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'जाणवणारं तापमान' म्हणून आणखी एक आकडा असतो, तो सहा असेल तर मग विचारायलाच नको. एकदा एका नव्या बिऱ्हाडकरूने भाबडेपणाने '११ अंश' असा फोटो टाकला. त्यावर कोणीही अंगठा दाखवला नाही. तासाभराने एका काकांनी, 'आपला मोबाइल घरात होता का?' एवढंच विचारलं.

हा निफाडचा आकडा येतो कुठून? तर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. तिथल्या लोकांचं खरं काम गव्हाचं, आणि गव्हाला थंडी मानवते, म्हणून पाऱ्यावर नजर. त्यांनी काढलेल्या वाणांची नावं तर ऐका: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. अर्धं नाशिक शेतात पेरता येईल. पण आम्हा शहरी मंडळींना त्या केंद्राकडून गहू नको असतो, फक्त आकडा हवा असतो. २०१८च्या डिसेंबरात तो दोनच्याही खाली गेला, गवतावरचं दव गोठलं. तेव्हा आमच्या ग्रुपवर जो आनंदीआनंद झाला, तो क्रिकेटचा सामना जिंकल्यावरही झालेला मला आठवत नाही.

कारण तसं साधंच आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे दिवसभराची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. वरून उत्तरेचे वारे. त्यात गोदाकाठचा सखल पट्टा, गार हवा जड होऊन तळाशी बसते. यात आपलं कर्तृत्व शून्य. पण नाशिककराचा चेहरा पाहिला तर वाटावं, हा पारा यानेच रात्रभर जागून खाली ओढला आहे. उन्हाळ्यात मात्र हाच माणूस हात झटकतो. एप्रिलमध्ये चाळीसच्या वर गेलं की तो आकडा कोणी मिरवत नाही. तेव्हा दोष सिमेंटच्या रस्त्यांचा, तोडलेल्या झाडांचा, बाहेरून आलेल्या बिल्डरांचा. थंडी आपली, ऊन दुसऱ्याचं. आणि मग कोणीतरी ज्येष्ठ हमखास म्हणतात, 'आमच्या लहानपणी नाशकात पंखे नव्हते.' पंखे तेव्हा किती गावांत होते, हा प्रश्न त्या क्षणी विचारायचा नसतो.

माझा मावसभाऊ पिंपळगावजवळ द्राक्षं करतो. तोही रोज पहाटे हाच आकडा बघतो, पण त्याच्या तोंडावर वेगळंच काहीतरी असतं. पारा फार उतरला की मण्यांची फुगवण थांबते. साखर भरत आलेल्या घडांना तडे जातात. रात्री कडाका आणि दुपारी चटका असा फरक पडला तर हिरवे मणी गुलाबी पडतात, आणि गुलाबी माल निर्यातीत चालत नाही. म्हणून अशा रात्री तो तीनला उठतो, विहिरीचं पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं ते ड्रिपने सोडतो, आणि बागेच्या कडेला पाचट, काटक्या, ओला पाला पेटवून धूर करतो. मी एकदा त्या वेळी तिथे होतो. शेकोटी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे हुरडा होता. प्रत्यक्षात जाळ होऊच द्यायचा नसतो, नुसता धूर हवा. जरा ज्योत वर आली की तो ओला पाला टाकून ती दाबायचा. शेकायला कोणी बसतच नाही. डोळे चुरचुरत होते, स्वेटरला महिनाभर वास राहिला. मधेच बॅटरीच्या उजेडात त्याने एक घड उचलून दाखवला. मण्याच्या देठापाशी केसाएवढी चीर होती, तिच्यातून रस येऊन चिकट झाला होता. "हा गेला," म्हणाला आणि घड होता तसा सोडून पुढे चालू लागला. त्याच सकाळी आमच्या ग्रुपवर 'निफाड ४.९, जय हो!' असा मेसेज आला. मी तो त्याला दाखवला नाही. पण तो त्याच्याही कुठल्यातरी ग्रुपवर फिरून आलाच असणार, कारण घरी चहा पिताना तो म्हणाला, "तुम्हा नाशिकवाल्यांना लय भारी वाटतं ना रे हे?"

खरं सांगायचं तर वाटतंच. कॅनडा कॉर्नरच्या तिबेटियन मार्केटमध्ये घासाघीस करून घेतलेलं जॅकेट वर्षातून सहा आठवडे तरी अंगावर चढलं पाहिजे. डिंकाचे लाडू पचायला थंडी लागते, असं आई म्हणते आणि पुरावा म्हणून दोन लाडू जास्त खायला लावते. शिवाय मुंबईला काहीतरी दाखवायला हवंच ना. पंचवटी एक्सप्रेसने रोज जाणाऱ्यांना विचारा. नाशिकरोडला सगळा डबा मफलरमध्ये गुंडाळलेला असतो, इगतपुरीला चहाचे कप दोन्ही हातांनी धरलेले. घाट उतरून कसारा गेलं की एकेक चेन उघडू लागते. कल्याणपर्यंत स्वेटर घडी होऊन बॅगेत. दादरला उतरताना हा माणूस मुंबईकरच दिसतो. आपण आठ अंशांतून आलो आहोत, हे ऑफिसात त्याला तोंडाने सांगावं लागतं, आणि तो सांगतो.

गेल्या जानेवारीत ठाण्याचा भाचा आला होता. आम्ही घरात मोजे घालून, दारंखिडक्या बंद करून बसलेलो. हा पठ्ठ्या हाफ पँटवर गॅलरीत उभा राहून म्हणाला, "मस्त एसी लावल्यासारखं वाटतंय, मामा." एसी! आमची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि मला म्हणाली, "उद्या पहाटे पाचला याला स्कूटरवर पुढे बसव आणि निफाडला नेऊन आण. हातमोजे देऊ नकोस."