तुम्ही विचारलंत म्हणून: टॅब आले, मग शाळा सुधारल्या का?

मी मुंबईत पालिकेच्या शाळेत शिकवते असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. "आता तर टॅब, डिजिटल बोर्ड सगळं आलंय ना तुमच्याकडे, मग सुधारल्या का शाळा?" लग्नात विचारतात, ट्रेनमध्ये विचारतात, मावशी तर दर दिवाळीला विचारते. मी "हो, बऱ्याच" म्हणून विषय संपवते. पण परवा एकीने मनापासून विचारलं, म्हणून आज नीट लिहिते.

सुधारल्यात, हे आधी सांगते. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा 8 भाषांत शिकवणारी दुसरी पालिका शोधून दाखवा. 2015 ला आठवीच्या मुलांना टॅब मिळायला लागले, बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले, फोन धरला की दीक्षा या सरकारी शिक्षणाच्या ॲपवर कविता ऐकू येते आणि अख्खा वर्ग गप्प होतो, हे मी रोज बघते. मला या वस्तूंबद्दल तक्रार नाही. मी फक्त एवढंच विचारते की ती वस्तू कोणापर्यंत पोचत नाहीये, आणि हे विचारायला मला एका मुलीने शिकवलं.

15 जून 2020. राज्यात शाळा सुरू झाल्या, म्हणजे मोबाईलवर. माझ्याकडे सहावी होती, 41 मुलं. सकाळी दहाला लिंक टाकली तर 9 जण आले. मला कळेचना, कारण आदल्या आठवड्यात आम्ही सर्व्हे केला होता, "घरी स्मार्टफोन आहे का", आणि बहुतेकांनी हो सांगितलेलं. मग एकेका घरी फोन लावत बसले. फोन होता हो, पण तो वडिलांच्या खिशात, वडील टेम्पोवर, टेम्पो भिवंडीला. या मुलीच्या घरी फोन रात्री नऊला यायचा, मग तो आधी मोठ्या भावाला कारण त्याची दहावी, आणि हिच्या हातात पडायचा साडेदहाला, तोवर दिवसाचा डेटा संपलेला आणि बॅटरी लाल. भावाला आधी का, असं मी तिच्या आईला विचारलं नाही. तिला विचारून काय होणार होतं, घरात एकच फोन.

मग मी लाईव्ह क्लास आठवड्यातून एकदाच ठेवला आणि रोज पाच-सहा मिनिटांचं ऑडिओ रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकायला लागले, कारण व्हिडिओपेक्षा त्याला डेटा फारच कमी लागतो आणि तो कधीही ऐकता येतो. अपूर्णांक शिकवताना हातात चपाती घेऊन बोलायचे, अर्धी केली, पाव केली, मागे कुकरची शिट्टी. ती मुलगी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवायची म्हणजे आवाज मोठा येतो, आणि धाकटी बहीण अन् शेजारच्या खोलीतली दोन मुलं भोवती बसून ऐकायची. हे मला खूप नंतर कळलं. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग उघडले 15 डिसेंबर 2021 ला, तेव्हा ती सातवीत होती. तिला अपूर्णांकांची वजाबाकी येत होती. ज्यांच्या घरी फोनच नव्हता त्यांतली काही मुलं जोडाक्षरं वाचायची विसरून गेली होती. तेव्हापासून मी जूनमध्ये वहीत "फोन आहे का" लिहीतच नाही, "फोन घरी किती वाजता येतो" लिहिते.

टॅबचं तसंच. एका मुलाची आई टॅब कपाटात कुलूप लावून ठेवायची. काच फुटली तर पैसे कुठून भरायचे ही भीती, आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहतात तिथे काच फुटणारच. तिला शाळेत बोलावून कोणी सांगितलं असतं की फुटला तरी चालेल, तर तो टॅब वापरला गेला असता.

आता जिथे यंत्रामुळे खरंच न्याय झाला ते पण सांगते. आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या प्रवेशांची सोडत. खाजगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात, फॉर्म ऑनलाईन, सोडत ऑनलाईन, कोणाचा वशिला चालत नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाचा नंबर लागलेला मी स्वतः बघितलाय. पण फॉर्ममध्ये नकाशावर घराचा पिन लावायचा असतो, गल्लीतल्या गल्लीतलं घर कुठे सापडणार, पिन चुकला की अंतर चुकतं आणि अंतर चुकलं की प्रवेश जातो. म्हणून मी शाळा सुटल्यावर ते फॉर्म भरून देते. सहकारी म्हणतात, बाई आपलाच पट कमी करताय. कळतं मला. पण फेब्रुवारी 2024 ला जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट असा नियम आला, तेव्हा मला राग आला होता, आणि जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आमची शाळा चांगली व्हावी ती पालकांनी निवडावी म्हणून, त्यांना दुसरी वाटच नाही म्हणून नाही.

मग काय करायला हवं असं विचारता, तर माझी मागणी साधी आहे. संध्याकाळी आठपर्यंत शाळेची कॉम्प्युटरची खोली उघडी ठेवा, सोबत एक माणूस द्या, आणि वॉर्डात टॅब दुरुस्त करणारा एक जण नेमा. नवीन काही घ्यायच्या आधी हे.

आणि मुलं मोजताना नीट मोजा. आरटीई कायद्याचं कलम 14 म्हणतं की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. पण शिक्षक किती मिळणार ते ठरतं संच मान्यतेवर, म्हणजे मुलं मोजून शिक्षकांची पदं मंजूर करतात त्यावर, आणि तिथे आधार जुळलेलीच मुलं धरायला लागले. यंदा बिल्डिंगच्या साईटवर काम करणाऱ्या जोडप्याची सात वर्षांची मुलगी आली, जालन्याकडची, आधार नाही, जन्मदाखला नाही. मी बसवून घेतली. कॉम्प्युटरवर तिची ओळ अजून अर्धवटच आहे, माझ्या हजेरीत मात्र ती सगळ्यात खाली पेनने लिहिलेली आहे, रोज "हजर" ओरडते. परवा तिने माझा फोन मागून घेतला, पुस्तकाचं पान सरळ केलं, कोडवर बरोब्बर अंतरावर धरला आणि कविता सुरू झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाला म्हणाली, पुढं ये की, तुला तिकडं ऐकू येत नसंल.