बटण टक वाजलं, तरी ईएलसीबी आंधळाच

आमच्या विहिरीवर 5 एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र) आहे. गेल्या पावसाळ्यात गडी व्हॉल्व्ह फिरवायला गेला आणि हात झटकत मागे आला. पायपाला करंट येत होता. वायरमन आला, मोटरच्या बॉडीवरचा अर्थिंगचा गंजलेला बोल्ट त्याने बदलला आणि ईएलसीबी, म्हणजे करंट अर्थला पळाला की लाइट तोडणारा स्विच, बसवा म्हणाला. चार पोलचा (तीन फेज आणि एक न्यूट्रल), 40 अँपिअरचा, 30 मिलिअँपिअरचा (एवढा करंट पळाला की पडणारा) आणला. खोक्यावर आरसीसीबी लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे दुकानदारही ईएलसीबीच म्हणतो.

मीटरपासून शेडपर्यंत तीनच तारा. मोटरला न्यूट्रल लागत नाही, म्हणून तो कधी कुणी ओढलाच नव्हता. तीन फेज जोडले, न्यूट्रलची म्हणजे एनची जागा रिकामी. लाइट आल्यावर मोटर लावायच्या आधी टेस्टचं बटण दाबलं. काही नाही. दुकानातून पीस बदलून आणला, तोही मुका.

मग वायरमनने डोकं चालवलं. अर्थिंगच्या खड्ड्याकडून येणारी तार एनला वर (लाइट येते त्या बाजूला) जोडली आणि मोटरच्या बॉडीकडे जाणारी खाली. त्याला तरी काय बोलणार, शेडमधला बल्ब वर्षानुवर्षं न्यूट्रलऐवजी अर्थवरच जळत होता. बटण दाबलं, टक! मोटरही झकास चालली.

चार दिवसांनी मेहुणा आला. तो एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पेटी उघडून बघितली आणि म्हणाला, "दाजी, 15 वॉटचा बल्ब आणि होल्डर आहे का?" होल्डरची एक तार त्याने ईएलसीबीच्या खालच्या फेजला लावली, दुसरी स्टार्टरच्या बॉडीला. बल्ब लख्ख पेटला. म्हणजे साठेक मिलिअँपिअर अर्थमध्ये चाललेत आणि 30 चा ईएलसीबी ढिम्म! (ही करामत मी स्वतः कधी करणार नाही. हे जाणकाराचंच काम.)

त्याने समजावलं ते असं. आत एक कडं असतं, चारही पोल त्यातून जातात. एका फेजने गेलेला करंट बाकीच्या दोन फेजनी परत येतो, बेरीज शून्य. लोड कमीजास्त असला तरी शून्यच. म्हणून न्यूट्रल नसला तरी ईएलसीबीचं काही अडत नाही. करंट बॉडीतून अर्थला पळाला की बेरीज बिघडते आणि तो पडतो. आम्ही अर्थची तारच कड्यातून नेली होती, त्यामुळे पळालेला करंट पुन्हा हिशोबात येत होता. टेस्टचं बटण मात्र एक फेज आणि एन यांच्यातल्या रेझिस्टन्समधून मुद्दाम थोडा करंट कड्याला वळसा घालून नेतं. एन रिकामा, तर बटण मुकं. एनला अर्थ, तर बटण खूश. नाहक बदललेला तो पहिला पीस अगदी चांगला होता!

मेहुण्याने अर्थिंगची तार सोडवून सरळ खड्ड्याला जोडली, ईएलसीबीला वळसा घालून. पुन्हा बल्ब लावला. पेटायच्या आत टक. एनला अजून काहीही जोडलेलं नव्हतं.

मग मोटर लावली, तीही टक. आता खरा चोर सापडला. मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला तर आत पाणी, आणि लग्जवरची (तारांच्या टोकांवरची) टेप कुजून लिबलिबीत झालेली. पुसून, वाळवून, नवी टेप मारल्यावर मोटर चालली.

बटणासाठी एन आणि एखादा फेज जोडू का, असं वायरमनने फोनवर विचारलं. मेहुणा ओरडलाच. आमच्या पीसमधला रेझिस्टन्स 240 व्होल्टचा. त्यावर दोन फेजमधले 415 आले की तो जळणार. दुसऱ्या दिवशी मीटरपासून न्यूट्रलची तार ओढली आणि फक्त वरच्या एनला जोडली. बटण चालू.

संध्याकाळी गड्याने शेडमधला बल्ब लावला आणि अख्खी मोटर बंद. अर्थवरचा बल्ब! आता तो ईएलसीबीच्या खालच्या एनवर आहे.