आज्यांची सभा

एक मेला आमच्या शाळेत झेंडावंदन होतं, निकाल लागतो आणि मग सातवीच्या पालकांची सभा बसते. पहिल्या दोन गोष्टी साऱ्या महाराष्ट्रात होतात, तिसरी आमची. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच. आठवीला लेकरं पाच-सहा किलोमीटरवरच्या हायस्कुलात जाणार, तर जाण्याआधी घरच्यांना बसवून सगळं समजावून सांगायचं, एवढ्यासाठी ही सभा सुरू झाली. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे आणि माझी दोन्ही लेकरं याच शाळेतून बाहेर पडली, त्यामुळे माझं माप थोडं झुकतं पडणार, हे वाचणाऱ्यांनी धरून चालावं.

एक मे हीच तारीख का, हे बाहेरच्यांना कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावांतली कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये माणसं परत येतात. अधल्यामधल्या पालकसभा गुरुजी नेमानं घेतात, पण जानेवारीच्या सभेला सतरंजीवर आज्याच असतात, फार तर भिंतीला टेकलेला एखादा आजोबा. एक मेला निदान आई-बाप गावात असतात. गावात असतात म्हणजे सभेत असतात असं नाही, पण त्याचं पुढे बघू.

दीपप्रज्वलन, शाल-नारळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मार्गदर्शन हे जसं सगळीकडे होतं तसंच आमच्याकडेही होतं. ऊन तापायच्या आत, दहाच्या आसपास, ते एकदाचं उरकतं.

मग गर्दी होते ती दाखल्याच्या टेबलापाशी. जनरल रजिस्टर उघडून ठेवलेलं असतं. मुख्याध्यापक गुरुजी एकेका घराला बोलावून नोंद दाखवतात: मुलाचं नाव, बापाचं, आईचं, जन्मतारीख, जन्मगाव, जात. जात मोठ्यानं वाचायची नाही, बोट ठेवून दाखवायची, हा गुरुजींचा नियम. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की रजिस्टरातली चूक दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात. तीच चूक मग दहावीच्या बोर्डाच्या कागदावर चढते, जातीच्या दाखल्याला आडवी येते, पुढे पडताळणीत अडकते. एका वर्षी एक आजी टेबलावरून उठेचना. रजिस्टरात नातवाची तारीख होती १ जून. आमच्या भागात निम्म्या गावाचा वाढदिवस त्याच दिवशी येतो हे सगळ्यांना माहीत आहे. आजी म्हणाल्या, "गुरुजी, पोळ्याच्या दुसऱ्या दिशी झालंय माझं लेकरू. बैलाच्या शिंगाचा रंग वाळला नव्हता. अन् तुमी त्याला जूनमधी कसं घातलं?" घरून पत्र्याची पेटी आली, तिच्यातून ग्रामपंचायतीचा जन्माचा दाखला निघाला, आणि तारीख पोळ्यानंतरचीच निघाली. लेकरू शाळेत होतं तोवर ते दुरुस्त झालं. तेव्हापासून गुरुजी आज्यांना आधी बोलावतात.

त्यानंतर पदवीधर शिक्षिका आमच्या मॅडम उभ्या राहतात आणि आठवीनंतर काय बदलतं ते सांगतात. पुस्तकं आणि खिचडी आठवीपर्यंत सरकारकडून, नववीपासून पुस्तकांचे पैसे बाजूला काढून ठेवा. आठवीला भाषा निवडायची असते, संस्कृत-हिंदी संयुक्त की नुसती हिंदी. लेकराला विचारा, शेजारच्याला नको. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट. लेकराला सोबत नेणारच असाल तर शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय गाडीत बसू नका, त्या कार्डावर कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेतात. शक्यतो नेऊ मात्र नका. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं मंजूर आहेत, मुलांचं वेगळं, मुलींचं वेगळं, त्याची चौकशी आत्ताच करा, दिवाळीत नको.

आणि एनएमएमएस, म्हणजे गरीब घरच्या हुशार लेकरांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. या चार अक्षरांवर मॅडम सगळ्यात जास्त वेळ घेतात. आठवीत परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५०, आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सगळ्यांना धक्का बसतो तो पुढच्या वाक्याला: विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला या परीक्षेला बसता येत नाही. पिवळी गाडी दारात येते म्हणून पोराला तिकडे घालायच्या विचारात असलेले बाप एकमेकांकडे बघायला लागतात. मला हा क्षण फार आवडतो, लपवत नाही.

कारण मे महिन्यात आमच्या गावात काय चालतं ते बाहेर कुणाला सांगून पटत नाही. पटावर पोरं कमी पडली की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, म्हणून आसपासच्या हायस्कुलांचे शिक्षक सातवीच्या मुलांच्या याद्या घेऊन घरोघर फिरतात. कोणी गणवेश देतो म्हणतं, कोणी रिक्षाचं भाडं, एकानं सायकल कबूल केली होती, ती अजून यायची आहे. त्या बिचाऱ्यांचंही पोट आहे. पण घरी बसलेल्या म्हातारीपुढे तिघं तीन गोष्टी बोलून जातात आणि तिनं निवडायचं कसं? आमच्या गुरुजींनी म्हणूनच सगळ्यांना एक मेला एका टेबलावर बसवायचं ठरवलं. पत्रकं वाटायची नाहीत, प्रत्येकाला दहा मिनिटं, आणि नंतर पालक विचारतील त्याचं सर्वांसमोर उत्तर द्यायचं. सगळेच येतात असं नाही. जे येत नाहीत त्यांच्या खुर्च्या मांडून रिकाम्या ठेवायच्या, ही कल्पना माझी.

प्रश्न विचारण्यात आज्यांचा हात कोणी धरणार नाही. मुलींच्या संडासाला कडी आहे का? शेवटची गाडी चुकली तर पोरगी कुठं थांबंल? मारत्यात का? कोऱ्या कपड्यातल्या एका सरांना एकीनं विचारलं होतं, "तुमची सोताची लेकरं कुठं हायेत शिकायला?" त्यांनी खरं उत्तर दिलं, तालुक्याला, इंग्रजी शाळेत. त्या खरेपणावर त्या वर्षी त्यांना चार पोरं मिळाली.

पण माझं मन अडकतं ते त्यापुढच्या कार्यक्रमात. दरवर्षी आमच्या शाळेतून गेलेली नववी-दहावीची दोन लेकरं बोलायला येतात. गुरुजींनी त्यांना बजावलेलं असतं, उपदेश करायचा नाही, तिकडं काय होतं ते सांगायचं. पाहुण्यांचं भाषण ऐकताना मी चहाचे कप मोजते, पण ही पोरं बोलायला लागली की हातातलं काम सुटतं. दर तासाला वेगळे सर येतात. वर्गात आपल्या गावची तिघंच, बाकीचे सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात. पहिल्या चाचणीला मार्क कोसळतात, घाबरायचं नाही, सहामाहीला जागेवर येतात. नववीला बीजगणिताचं पुस्तक वेगळं आणि भूमितीचं वेगळं. एसटीला खिडकीतून दप्तर आत टाकून जागा धरायची असते. अशा गोष्टी कुठल्या परिपत्रकात येत नाहीत.

एकदा नववीतली एक मुलगी बोलत होती. आई-बाप सहा महिने कर्नाटकात, घरी आजी आणि धाकटा भाऊ. ती म्हणाली, "पहिला महिना मी मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचे. डबा तसाच परत आणायचे आणि येताना ओढ्यावर कुत्र्याला घालायचे. घरी सांगितलं नाही. आजीला सांगून ती काय करणार, असं वाटायचं."

आजी समोरच बसली होती. पदर सावरत उभी राहिली आणि भर सभेत म्हणाली, "मला सांगायचं व्हतंस की गं. आले असते मी डबा खायला."

सगळी सभा हसली. पोरगी हसली आणि रडली. माइक हातात घेऊन मॅडम पुढे आल्या, त्यांना बोलताच येईना, शेवटी गुरुजींनी टाळ्या वाजवायला सांगून वेळ निभावली. मला ते वाक्य अजून ऐकू येतं.

त्याच दुपारी गुरुजी आणि हायस्कूलचे क्लार्क भाऊसाहेब लिंबाखाली बसून बोलले. हायस्कुलाचे सगळे निरोप जातात बापाच्या मोबाइलवर. गैरहजेरी, परीक्षेचं वेळापत्रक, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, सगळं. बाप पहाटे तीनला गाडी भरत असतो, फोनला रेंज नाही, असली तर चार्जिंग नाही. ज्या माणसाजवळ लेकरू झोपतं त्याला काहीच कळत नाही. तेव्हापासून भाऊसाहेबांच्या रजिस्टरात वडिलांच्या नावापुढे पेनानं आखलेला एक जास्तीचा रकाना आहे, 'गावातला पालक'. त्यात आजीचं, चुलतीचं, थोरल्या बहिणीचं नाव असतं. फोन नसेल तर निरोप अंगणवाडीताईंकडे जातो. एक मेला तो रकाना भरून घेणं हे आता सभेतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. आठवीत गेलेल्या मुली दिवाळीनंतर शाळेतून गळू लागल्या, की काय ठरतंय याची कुणकुण गावात आधी लागते, ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या गाडीत नाही. एवढं सांगितलं तरी कळणाऱ्यांना कळेल.

आता बापांचं. कायद्यानं आमच्या समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. बायका कागदावर निम्म्या, सभेत साऱ्या. बाप येतात, नाही असं नाही, पण फाटकाबाहेर पारावर बसतात. तिथून माइक ऐकू येतो म्हणतात. पोह्यांचा वास आला की बरोबर आत. कोणाला काही विचारलं तर "म्हातारीला माहीत आहे सगळं." एका वर्षी एक मेला गावात दोन लग्नं निघाली आणि मंडपवाल्यांनी ताडपत्रीसुद्धा तिकडे नेली. त्या दोन्ही वरबापांची नातवंडं सातवीत होती. मी त्यांच्याकडे जेवायला गेले नाही.

ज्यांच्या जिवावर ही सभा उभी राहते ती माणसं बोलत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवते. सुट्टी असूनही पोहे करायला येणाऱ्या खिचडीच्या दोन्ही मावशी, आणि त्यांना कांदे चिरून देणाऱ्या बचत गटाच्या बायका. आदल्या रात्री देवळाच्या भोंग्यावरून पुकारा करणारा ग्रामपंचायतीचा शिपाई. माइक देणारं गणेश मंडळ, वायर लक्षात ठेवून आणणारा त्यांचा पोरगा. पाण्याचे जार देणारे अप्पा, ज्यांनी पैसे कधी घेतले नाहीत. सातवीच्या प्रत्येक लेकराला शब्दकोश देणारे निवृत्त गुरुजी, त्यांची पेन्शन किती आहे ते आम्हाला माहीत आहे. मुलींशी वेगळ्या खोलीत बोलणाऱ्या आशाताई. सुट्टीचं दुकान उघडून कागदांच्या प्रती काढून देणारे झेरॉक्सवाले. पोरी पळत येताना दिसल्या की गाडी दोन मिनिटं थांबवणारे सकाळच्या एसटीचे चालक आणि वाहक, यांना एकदाही सभेला यायला जमलेलं नाही, कारण तेव्हा ते गाडीवर असतात. सतरंज्या झटकणारी सहावीची पोरं. भाऊसाहेब तर झालेच.

मंडपवाल्यांचंही नाव घालते, ते एक वर्ष सोडून. कोणी राहिलं असेल तर शाळेत येऊन मॅडमना सांगावं, रागावून बसू नये. आणि पुढच्या एक मेला लग्नाची तिथी कोणी धरत असेल, तर मुहूर्त संध्याकाळचा काढा.