सेकंदाला साडेसहा सेंटिमीटर

रविवार, रात्री साडेदहा. दारव्हा.

दिवसभर पंपाच्या मोटारी. गहू-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की जळालेलं वाइंडिंग दुकानात रांगेनं येतं, यंदाही तेच. संध्याकाळी शटर अर्धं ओढलं आणि मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डिकोडर, म्हणजे हुकूम वाचून मोटार चालवणारी चिप, बसवायला घेतला.

शकुंतलेचं, म्हणजे आमच्या यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या लाइनच्या गाडीचं, १:८७ मापाचं मॉडेल करायचं हे कधीचंच ठरलेलं. मूळ लाइनच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिमी. त्याला ८७ नं भागलं की पावणेनऊ मिमी येतात, आणि ९ मिमीचा रूळ तयार मिळतो. तो खरं तर १:१६० च्या, एन स्केल म्हणतात त्या लहान मापाचा. म्हणून चाकं, मोटार आणि चेसिस एन स्केलच्या एका जुन्या डिझेल इंजिनाची, आणि वरचं धूड १:८७ नं मीच प्लास्टिकच्या शीटमधून कापलेलं. झेडडीएम वर्गातलं. झेड म्हणजे ७६२ मिमी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे सवारी आणि माल दोन्ही ओढणारं. वाफेचं, ते १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं इंजिन १९९४ पर्यंत या लाइनवर राबलं, करायचं तर तेच करा असं सगळे म्हणतात. पण मी ज्या गाडीत बसून मूर्तिजापूरला गेलो तिला डिझेलच होतं.

डिकोडरवर चालणाऱ्या डिजिटल कंट्रोलचं कौतुक होतं ते एकाच रुळावर चार इंजिनं वेगवेगळी चालवता येतात म्हणून. आपल्या लाइनला त्याचं काय? एकच गाडी जायची, तीच परत यायची. मला डिकोडर हवा होता तो संथ चालण्यासाठी. ताशी २० किलोमीटर धरले तर १:८७ मध्ये सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरही भरत नाहीत. मीटरभर रुळाला सोळा सेकंद लागतात. साध्या डीसीवर हे नीट जमत नाही. व्होल्टेज कमी ठेवलं की एवढीशी मोटार अडून बसते, आणि निघाली की एकदम उधळते. शकुंतला कधी उधळली नाही.

डिकोडर अंगठ्याच्या नखाएवढा. रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, पण ते सारखं उलटसुलट होत राहतं, आणि हुकूम असतो तो त्या उलटण्याच्या वेळेत. अर्धी लहर ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर एक, १०० किंवा जास्त असेल तर शून्य. ज्या इंजिनाचा नंबर पुकारला तेच ऐकतं. पुढचं काम मात्र आमच्या धंद्यातलं. डिकोडर मोटारला करंट तुकड्यातुकड्यानं देतो, म्हणजे जिनिंगमधल्या मोटारींचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा हा धाकटा भाऊ. आणि मधल्या क्षणभराच्या खंडात तो मोटारचंच ऐकतो. करंट तोडला तरी आर्मेचर फिरतच असतं, तेवढ्यापुरता तिचा डायनामो होतो, आणि ती किती व्होल्ट उलट देते यावरून तिचा वेग कळतो. चढावर वेग पडला तर पुढचा तुकडा मोठा. एवढी वर्षं मोटारी भरतो आहे, पण या उलट व्होल्टेजचा, बॅक ईएमएफचा, इतका देखणा उपयोग दुसरा पाहिला नाही.

खरी किचकट गोष्ट मोटार चेसिसपासून मोकळी करण्याची. एन स्केलच्या या चेसिसचे उभे दोन धातूचे भाग असतात. एक उजव्या रुळाचा करंट घेतो, दुसरा डाव्या, आणि मोटारच्या ब्रशच्या पत्त्या थेट त्यांना टेकतात. डिकोडर लावल्यावर हे चालत नाही. रुळाचा करंट मोटारच्या बाजूनं आत शिरला की चिप गेलीच. पत्त्या उचलून खाली कॅप्टॉनचा इन्सुलेशन टेप लावला, चिपच्या जागेसाठी चेसिस थोडी कानसली, आणि कीस ब्रशनं पार काढला. मग मल्टिमीटर. ब्रश आणि चेसिसच्या दोन्ही भागांमध्ये बीप येता कामा नये. सवयीनं मेगरकडे, इन्सुलेशन तपासायच्या मीटरकडे, हात जातो, पण ५०० व्होल्ट इथे नकोत.

लाल-काळी रुळाला, नारिंगी-करडी मोटारला, पांढरी पुढच्या दिव्याला, निळी कॉमन. एलईडीला एक किलोओहमचा रेझिस्टर. सोल्डरिंग करताना पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर टोक थंड पडतं.

तेवढ्यात शटरखालून वाकून एक गिऱ्हाईक आलं. पाच एचपीची मोटार टाकून गेलं होतं. बराच वेळ बघत उभं.

"भाऊ, हे किती एचपीची होय?"

म्हटलं, दोन-अडीच वॅट.

"मंग इच्यानं पाणी कसं चढन?"

"पाण्याची नाही काका, शकुंतलेची आहे."

"हात्तिच्या! मंग माह्यी कवा देऊन राहिला?"

प्रोग्रामिंगसाठी रुळाचा तुकडा वेगळा ठेवला आहे, त्यात करंट बेतानंच सोडतात. चिप उत्तर देते ते मोटारला हलका झटका देऊन. प्रत्येक आकडा पोचला की इंजिन जागच्या जागी थरकतं. कंपनीतून इंजिनाचा नंबर, म्हणजे पत्ता, ३ असतो, तोच राहू दिला, दुसरं इंजिन आहे कुठे. डिकोडरच्या सेटिंगच्या खणांना सीव्ही म्हणतात. सीव्ही २ मध्ये सुरुवातीचं व्होल्टेज, ३ आणि ४ मध्ये वेग घेण्याचा आणि सोडण्याचा वेळ, ५ मध्ये कमाल वेग. हा पाचवा मी खाली, खाली, आणखी खाली आणला. माझ्या पोराच्या मते हे खेळण्याचं वाटोळं करणं आहे. त्याला धावणारी गाडी पाहिजे. त्यानं शकुंतला पाहिलेली नाही.

मोबाइलवर वेळ लावून पाहिलं. मीटरला चौदा सेकंद. अजून थोडी घाई आहे, सीव्ही ५ चे दोन-तीन आकडे उतरवले की होईल. मागच्या दिव्याची पिवळी वायर टेप लावून मोकळी ठेवली आहे. काकांची मोटार मंगळवारी द्यायची, तोवर हिला हात लागणार नाही.