पाच वॉट आणि एक मीटर उंची

समुद्रात कयाकच्या सहली नेणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या दिवशी रेडिओवरून कोणता संदेश द्यायला हवा होता, यावर माझे आणि माझ्या सहकाऱ्याचे अजूनही एकमत झालेले नाही.

परतताना गटातील एकाचा खांदा निखळला. सहकाऱ्याने त्याची कयाक आपल्या कयाकला बिलगून धरली आणि मी दोघांना दोराने ओढू लागलो. पण जमिनीकडून वाहणारा मतलई वारा आम्हाला बाहेरच लोटत होता.

माझा रेडिओ तरंगणाऱ्या जॅकेटच्या छातीवर दोरीने बांधलेला असतो. तो कयाकच्या बंद कप्प्यात 'सुरक्षित' ठेवणाऱ्यांचे मला नवल वाटते, कारण पाण्यात पडलेल्या माणसाच्या तो काय उपयोगाचा? चॅनेल 16 वर, म्हणजे समुद्रात संकटाची हाक देण्याच्या चॅनेलवर, किनारी केंद्राचा आवाज स्वच्छ येत होता, आमचा मात्र तिथे पोहोचत नव्हता. विक्रेते वॉट सांगतात. हातातला रेडिओ साधारण 5 ते 6 वॉटचा असतो, पण त्याच्या व्हीएचएफ रेडिओलहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि बसलेल्या वल्हेकऱ्याची अँटेना पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असते, हे कोणी सांगत नाही. दोन लाटांमधल्या खळग्यात तर समोर पाण्याची भिंतच असते. म्हणून माइकच्या जाळीतले पाणी झटकून, अँटेना उभी धरून, लाटेच्या माथ्यावर येताच बटण दाबायचे, क्षणभर थांबायचे आणि ओळख सांगताच आपले ठिकाण सांगायचे, म्हणजे पुढचे तुटले तरी चालते.

मी 'पॅन पॅन', म्हणजे तातडीची पण अजून जिवावर न बेतलेली अडचण सांगणारी हाक, तीनदा पुकारले. उत्तर आले ते एका मासेमारी नौकेकडून. तिच्या तांडेलाने संदेश केंद्राला कळवला आणि नौका आमच्याकडे वळवली.

सहकाऱ्याच्या मते 'मेडे' पुकारायला हवे होते. माझे म्हणणे, ते जिवावरच्या तातडीच्या संकटासाठी असते, आणि आमच्यापैकी कोणी बुडत नव्हते. परिस्थिती बिघडली असती तर मी 'मेडे' दिलेच असते. त्यावर तो विचारतो, की तो दुसरा संदेश कोणाला ऐकू गेला असता? नौका त्या वेळी तिथे होती हा योगायोग, हे मलाही मान्य आहे. वारा बाहेर नेत असताना पहिल्या हाकेला उत्तर न आल्यास किती वेळ थांबायचे, हे आमच्या नियमावलीत लिहायचे ठरले आहे. तो म्हणतो, मुळीच नाही, आणि ती ओळ अजून कोरीच आहे.