गप्प मुलांसाठी कोणता उपक्रम?

"वर्गातली ठरावीक चार मुलंच हात वर करतात. बाकीच्यांना बोलतं करायला काय घेऊ?" शिक्षक मित्रमैत्रिणी हे नेहमी विचारतात. उद्याच्या तासाला घेता येईल असा एखादा खेळ त्यांना हवा असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: आधी प्रश्न विचारा आणि थांबा.

अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी जेमतेम १ सेकंद थांबत होते. तेच ३ सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. ३ सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? वर्गासमोर उभं राहून थांबून बघा. जीभ नुसती वळवळते.

दुसरं असं की, सगळ्यांदेखत बोलायचं म्हटलं की ती परीक्षाच होते. म्हणून आधी दोन ओळी वहीत, मग शेजारच्याला, मग वर्गाला, हा क्रम मला पटतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये मांडलेली अशीच पद्धत (आधी मनाशी विचार, मग जोडीदाराशी, मग वर्गाशी) आता जगभर वापरतात. मी त्यात एक भर घालतो: वर्गाला स्वतःचं नाही, जोडीदाराचं म्हणणं सांगायचं. लाजाळू मुलाचा विचार दुसऱ्याच्या तोंडून वर्गात पोचतो. तो नीट पोचला नाही, तर "तसं नाही म्हटलं मी!" म्हणत तेच मूल उसळून उठतं. मला हवं असतं ते हेच.

गोल करून "आज मला कसं वाटतंय" सांगायला लावणं मात्र मला आवडत नाही. बाईंना किंवा सरांना कोणती भावना आवडते, हे मुलं दोन दिवसांत ओळखतात.

लिहिण्याच्या बाबतीत माझा आदर्श सेलेस्तँ फ्रेने. १९२०च्या दशकात या फ्रेंच शिक्षकानं खेड्यातल्या आपल्या वर्गात छपाईयंत्र आणलं. मुलं मनातलं लिहीत, कोणता मजकूर छापायचा ते मिळून ठरवत, स्वतः छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवत आणि छापलेलं दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवत. आपलं लिखाण शिक्षकांखेरीज आणखी कुणीतरी वाचणार आहे म्हटल्यावर मूल आपणहून वाक्य खोडून पुन्हा लिहितं. तांबड्या शाईनं हे कधी साधलेलं मी पाहिलेलं नाही. यंत्र नसलं तरी शेजारची तुकडी असतेच. वह्यांची अदलाबदल करा. शुद्धलेखनाचं काय, असं विचाराल. ते शिकवाच, पण दुसऱ्या तासाला, दुसऱ्या वहीत. या वहीत गुण नकोत, "छान"सुद्धा नको. मुलानं जे लिहिलंय त्यावर एखादा खरा प्रश्न विचारा.

नाटुकलीही घ्या. फक्त भूमिका तुम्ही वाटू नका. एखाद्याला झाड व्हायचं असेल, एखादीला पडदाच ओढायचा असेल, तर तसं होऊ द्या. आणि "आज माझा नंबर नको" म्हणायची मुभा प्रत्येक उपक्रमात ठेवा, कारण न विचारता.