काळ्या टी-शर्टांचा मेळावा

कोजागरीनंतरचा पहिला रविवार. नाशिकच्या रॉकवेड्यांच्या आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा वर्षानुवर्षं याच दिवशी भरत आला. तारखेमागे कारण होतं. आपल्याकडे मोठे बँड येतात ते पाऊस संपल्यावर आणि ऊन तापायच्या आधी. आयर्न मेडन बेंगळुरूला १७ मार्च २००७ आणि १५ फेब्रुवारी २००९ ला वाजले, मुंबईत १ फेब्रुवारी २००८ ला. मेटालिका ३० ऑक्टोबर २०११ ला बेंगळुरूत, यूटू १५ डिसेंबर २०१९ ला नवी मुंबईत, कोल्डप्ले जानेवारी २०२५ मध्ये. गन्स अँड रोझेस १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, तो अपवाद. म्हणजे कोजागरीला बसलं की पुढच्या सगळ्या हंगामाची आखणी एका बैठकीत व्हायची, आणि दिवाळीच्या रजा अजून कुणी टाकलेल्या नसायच्या.

गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीचा हॉल, सकाळी साडेनऊची वेळ. दारातून आत आलं की डाव्या हाताला जुन्या तिकिटांचं टेबल, उजव्या हाताला कॅसेटचं. चाळीस माणसांच्या मिसळीला दोन किलो मटकी शुक्रवारी रात्री भिजत पडायची आणि शनिवारी सकाळी फडक्यात बांधली जायची. पाव माणशी तीन, पापड वेगळा. यावर कधी वाद झाला नाही.

कॅसेटच्या टेबलापाशी गर्दी सगळ्यात जास्त. रॉक ऐकायचं तर एकाकडची कॅसेट दुसऱ्याने भरून घ्यायची, असे ते दिवस. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, म्हणजे एका बाजूला एक अल्बम जेमतेम बसतो. १२० मिनिटांची कॅसेट स्वस्त पडते असं वाटायचं, पण तिची फीत पातळ असते, ती ताणली जाते आणि प्लेअरच्या रोलरला गुंडाळून बसते. भरलेल्या कॅसेटवरून पुन्हा भरली की खरखर वाढते; तिसऱ्या पिढीच्या कॉपीत झांजा ऐकूच येत नाहीत. हे सगळं टेबलावर हाताने दाखवलं जायचं, पेन्सिल घालून सैल फीत आवळण्यासकट. ज्यांनी कॅसेट कधी वापरलीच नाही अशी मुलं इथे सगळ्यात जास्त वेळ रेंगाळायची, आणि ते पाहून जुन्या मंडळींचे चेहरे खुलायचे.

तिकिटांच्या टेबलावर सर्वांत जुना थर रंगभवनचा. मुंबईत धोबी तलावाजवळच्या त्या उघड्या रंगमंचावर इंडिपेंडन्स रॉक भरायचं. हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला. नाशिककरांना ती जागा फार सोयीची, कारण पंचवटी एक्स्प्रेस जिथे थांबते तिथून चालत जाता येतं. आजूबाजूला रुग्णालयं असल्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथले असे कार्यक्रम थांबले. ती जागा गेल्याची हळहळ मेळाव्यात दर वर्षी निघायची आणि ती खरीच होती. तशी जागा मुंबईला पुन्हा मिळाली नाही.

नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: एकच बँड दोन-तीन गावांत जाऊन का ऐकायचा? उत्तर ग्रेटफुल डेडपासून सुरू व्हायचं. कॅलिफोर्नियातला हा बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं फिरत राहिला, दोन हजारांहून जास्त वेळा मंचावर उभा राहिला आणि गाण्यांची यादी रोज बदलत राहिला. काल वाजलेलं गाणं आज वाजेलच असं नाही, वाजलंच तर ते दुप्पट लांबेल. म्हणून ‘डेडहेड’ म्हणवणारे चाहते गावामागून गाव त्यांच्या मागे जायचे. ऑक्टोबर १९८४ पासून बँडने रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी मिक्सिंग डेस्कच्या, म्हणजे इंजिनिअर बसून आवाज जुळवतो त्या टेबलाच्या, मागे वेगळी जागा आणि वेगळी तिकिटं ठेवली. टेप विकायची नाही, अदलाबदल करायची, एवढी अट. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी त्र्यंबकेश्वरकडे पायी निघालेल्या दिंड्या बघत मोठ्या झालेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटत नाही. आमच्याकडे शोला निघणाऱ्या गटाला ‘दिंडी’च म्हणायचे, आणि डोकी मोजणाऱ्याला ‘चोपदार’.

आयर्न मेडनची रीत उलटी. एका दौऱ्यात गाण्यांची यादी जवळपास तीच राहते, त्यामुळे दौऱ्याचा पहिला शो झाला की पुढे काय वाजणार ते जगाला कळतं. १ फेब्रुवारी २००८ चा मुंबईतला शो म्हणूनच वेगळा. वांद्रे-कुर्ला संकुलातून त्यांचा जागतिक दौरा सुरू झाला. मंचावर दिवे लागेपर्यंत जगात कुठल्याही चाहत्याला पहिलं गाणं माहीत नव्हतं. बँड, तंत्रज्ञ आणि सामान एकाच बोइंग ७५७ मधून फिरत होतं आणि विमान चालवणाऱ्यांत गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः होता. इतक्या लांबच्या गावांना स्वतःचं सामान घेऊन येणं त्यांना परवडलं ते या एका विमानामुळे.

त्या शोमुळे यादी ओळखण्याचा खेळ मेळाव्यात कायमचा रुजला. प्रत्येकाला एक कागद, त्यावर सोळा ओळी. गाणं बरोबर आलं तर एक गुण, क्रमही बरोबर असेल तर तीन, पहिलं गाणं अचूक सांगितलं तर पाच. यात लोक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे आपल्याला आवडतात ती गाणी लिहून मोकळे होतात. गायकाच्या गळ्याचा विचार करायचा असतो. वरच्या पट्टीची दोन गाणी लागोपाठ क्वचित येतात, त्यांच्यामध्ये लांब वाद्यसंगीत असलेलं गाणं येतं. गिटारचं ट्यूनिंग बदलणारी गाणी शक्यतो एकत्र ठेवली जातात, म्हणजे गिटार कमी वेळा बदलावी लागते. दौरा आधीच सुरू झालेला असेल तर हॉलचे दोन भाग व्हायचे: यादी माहीत असलेले खिडकीकडे, माहिती नको असलेले दाराकडे. खिडकीकडच्याने दाराकडच्याला एकही गाणं सांगायचं नाही. हा नियम फार कसोशीने पाळला जायचा.

दुपारी मिसळीनंतर झोप येण्याच्या वेळेला मुद्दाम प्रवासाचा विषय ठेवलेला असायचा, कारण त्यात सगळ्यांना बोलायचं असे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांमुळे मोकळ्या जागेतला ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होतो. वर्षातून पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस बहुतेक सणांना जातात. म्हणजे शो दहाला संपणार हे धरून चालायचं. परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटलेली असते. उरते महानगरी, मुंबईहून रात्री १२ वाजून १० मिनिटांनी सुटणारी. आणि नेमकी इथेच दर हंगामात कुणीतरी फसतं: शो शनिवारचा म्हणून तिकीटही शनिवारचं काढतं. बारा वाजून गेले की तारीख बदलते. शनिवारच्या शोनंतरची महानगरी ही रविवारची गाडी असते. शनिवारचं तिकीट काढलेल्याची गाडी तो नाशिकहून निघण्याआधीच सुटून गेलेली असते. हॉलच्या फळ्यावर हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं आणि ते पुसायची परवानगी नव्हती.

दुसरी युक्ती कल्याणची. शो वांद्रे-कुर्ला संकुलात असो की नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर, गाडी पकडायला दक्षिण मुंबईपर्यंत जाण्यात अर्थ नाही. नेरूळहून ठाण्याची लोकल, तिथून कल्याण. संकुलातून कुर्ला स्टेशन गाठून तिथून कल्याण. महानगरी कल्याणला एकच्या सुमारास येते. मात्र तिकिटावर चढण्याचं स्टेशन कल्याण हवं. ते मुंबईच राहिलं तर माणूस आलाच नाही असं समजून जागा दुसऱ्याला जाऊ शकते. तिकीट वेटिंगवर राहिलं तर ऑनलाइन काढलेलं आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढता येत नाही. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, त्याआधी एकशेवीस दिवस मिळायचे. शोची तारीख कळली की आधी कॅलेंडरवर साठ दिवस मागे मोजायचे.

परतीच्या गाडीत कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लागतात, कारण पुढचा घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. डब्याला बसणाऱ्या त्या धक्क्याने जागं होण्यातलं सुख ज्याने घेतलंय त्यालाच ठाऊक. कानात अजून गुणगुण, पिशवीत उरलेला भेळभत्ता, आणि इगतपुरीचा गार वारा. नाशिकरोडला गाडी पहाटे साडेतीन-चारला सोडते. शहर तिथून आठ-दहा किलोमीटर. रिक्षा चौघांत करायची, म्हणून दिंडीतले गट आधीपासून चारचेच पाडलेले असायचे. तिकीट विक्रीलाही हेच गट उपयोगी पडत. प्रत्येक चौकडीत तिकीट काढणारा एक, त्याच्या बँकेची ऑनलाइन व्यवहाराची दिवसाची मर्यादा आदल्या दिवशी तपासलेली, आणि मैदानातला पहिल्या पसंतीचा स्टँड मिळाला नाही तर दुसरा कुठला हे आधी ठरलेलं. पैसे भरण्याच्या पानावर आल्यावर मित्रांना फोन करून विचारत बसलं की जागा हातची जाते.

बेंगळुरूचं गणित वेगळं. मनमाडला जाऊन कर्नाटक एक्स्प्रेस पकडायची, नगर-दौंड-सोलापूर करत जवळजवळ एक दिवस. २०११ च्या दिवाळीच्या आठवड्याने या प्रवासाला एक नियम जोडला. मेटालिकाचा २८ ऑक्टोबरचा गुरुग्रामचा शो गर्दीपुढचं कुंपण टिकलं नाही म्हणून रद्द झाला, आणि दोनच दिवसांनी बेंगळुरूचा पॅलेस ग्राउंड्सवरचा शो ठरल्याप्रमाणे झाला. तेव्हापासून मेळाव्यात प्रत्येक प्रवासाबरोबर एक प्रश्न विचारला जायचा: शो झालाच नाही तर पैसे परत मिळतील अशी तिकिटं आणि राहण्याची सोय कोणती? उत्तर नसेल तर ती आखणी पुन्हा करायला पाठवायची.

कानांचा विषय काढला की तरुण मुलं हसायची, पण त्यावर आमच्यातले डॉक्टर मागे हटायचे नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं, आणि रॉकचा शो दोन तासांचा असून आवाज सहज शंभराच्या वर जातो. फोमचे बोळे बहुतेक जण अर्धेच घालतात. तसं केलं की आवाज घुसमटतो आणि कानही वाचत नाही. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. हे सगळ्यांकडून तिथेच करून घेतलं जायचं. फोममुळे वरचे सूर जास्त दबतात, म्हणून ज्यांना झांजा आणि गिटारची धार हवी त्यांनी सगळे सूर सारखे कमी करणारे सिलिकॉनचे घ्यावेत. तो खर्च अगदी वाजवी आहे.

उभं कुठे राहायचं यावर मतभेद कायम. पुढच्या कुंपणाला चेहरे दिसतात, पण तिथे ड्रम आणि मंचावरचे अ‍ॅम्प्लिफायर सरळ अंगावर येतात, गायकाचा आवाज बुडतो. सगळ्यात नीट ऐकू येतं मिक्सिंग डेस्कच्या आसपास, कारण इंजिनिअर तिथेच बसून आवाज जुळवत असतो. मंचापासून शंभर मीटर मागे आवाज पोहोचायला सुमारे ०.३ सेकंद लागतात, म्हणून मागच्या खांबांवरचे स्पीकर तेवढेच उशिरा वाजतील असे लावतात. हे जुळलं नसेल तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. अशा वेळी दहा-पंधरा पावलं पुढे किंवा मागे सरकून बघावं. गर्दीचा लोट आला तर हात छातीपुढे दुमडून श्वासापुरती जागा ठेवायची आणि लोट ओसरताना तिरकं बाहेर पडायचं. कुणी पडलं तर आधी उचलायचं, गाणं नंतर.

टी-शर्ट दर वर्षी नवे. काळ्या कापडावर रंग सरळ छापला की मळकट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्याचा थर, तो गरम हवेने सुकवून वर रंग. प्लास्टिसोल शाई पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात. घाईत कमी तापवलेली छपाई दोन धुण्यांत सोलून निघते. टी-शर्ट हातात आला की छपाई हलकेच ताणून बघायची. भेगा पडल्या तर सगळा गठ्ठा परत भाजायला पाठवायचा. हे जागच्या जागी होतं, म्हणून छापणारा शहरातलाच बरा.

सगळ्यात शेवटी बॅनर. सहा फूट बाय तीन फूट, सुती, देवनागरीत ‘नाशिक’, अक्षरं फूटभर उंच. आत काठी नेऊ देत नाहीत, म्हणून चारही कोपऱ्यांना दुहेरी शिवण आणि हाताने धरायला पट्टी. शोनंतर त्यावर धूळ आणि घाम बसलेला असतो, तो गार पाण्यात, साध्या साबणाने, न चोळता काढायचा आणि बॅनर सावलीत वाळवायचा. घडी घातली की अक्षरांवर रेघा उठतात, म्हणून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायचा, रंगाची बाजू बाहेर. पाच वाजता खुर्च्या एकावर एक चढवल्या जायच्या, आणि ती नळी त्या हंगामाच्या चोपदाराच्या खांद्यावरून जिना उतरायची.